दोरीवाली सविताबाई

माणूस टेप घेऊन दारात आला की तो काहीतरी न्यायलाच आलेला असतो, असा माझा अनुभव. मुरबाडकडच्या आमच्या गावी तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा आमचा बांध आत आला. बाहेर गेला असं एकदाही झालं नाही. म्हणून शहापुरात आमच्या घरामागच्या बोळात एक बाई टेप लावताना दिसली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम नाही काका. बघतेय."

"बघायला टेप कशाला लागतो?"

"डोळ्यावर माझा विश्वास नाही म्हणून."

"आनि माझा तुमच्यावर नाय," मी म्हणालो.

ती हसली नाही, रागावलीही नाही. केसात खोचलेली पेन्सिल काढली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढं कधीतरी ती वही माझ्या हातात आली तेव्हा बघितलं. तारीख, आमच्या बोळाची रुंदी आणि खाली माझं तेच वाक्य.

सविताबाई गायकवाड तिचं नाव. पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, ड्रेसवर पुरुषाचा ढगळ शर्ट. किन्हवलीकडची. बाप गवंडी होता, बापाच्या हाताखाली वाळू चाळता चाळता शिकली आणि कल्याणला जाऊन घरांचे नकाशे काढायचं मोठं शिक्षण घेतलं. एवढं शिकलेली बाई बंगले सोडून आमच्या बोळात काय करते, हा मला पहिला संशय. बिल्डरचं माणूस असेल. नाहीतर रस्ता रुंद करायचा असेल आणि आधी गोड बोलायला हिला पाठवली असेल. तिनं नगरपंचायतीच्या परवानगीचा कागद दाखवला. मी म्हटलं, मोजणीवाल्यांकडंही कागद होता.

बोळ म्हणजे काय ते सांगतो. बाजारामागं घरांच्या दोन ओळी आहेत, त्यांच्या पाठी एकमेकींकडं. मधल्या फटीला बोळ म्हणायचं. दोन हंडे घेऊन बाई आली तर समोरच्यानं उलटं मागं जायचं. मधून गटार, तेही उघडं. पुढचं दार पाहुण्यांना, मागचं दार बायांना. धुणं तिथं, भांडी तिथं, तांदूळ निवडणं तिथं, भांडणं तिथं. पण मत मागायला येणारा पुढच्या दारानं यायचा आणि पुढच्याच दारानं जायचा. बोळाला नावसुद्धा नव्हतं.

माझ्या मागच्या दारात एक दगड होता. धुण्याचा. काळा, पाट्यासारखा सपाट. गाव सोडून शहापूरला भातगिरणीत हमालीला आलो तेव्हा हौसानं, माझ्या बायकोनं, हट्टानं आणायला लावलेला. भांडीकुंडी राहिली तरी चालेल म्हणाली, नदीवरचा दगड पाहिजे. मी टेम्पोवाल्याच्या शिव्या खाऊन आणला. त्यावर तिनं पस्तीस वर्षं धुतलं. ती गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगा सून आसनगावला, सकाळी लोकल पकडायची म्हणून स्टेशनजवळ राहतात. घरात मी आणि मागं तो दगड.

तेव्हा बाई टेप घेऊन त्या दगडापाशी उकिडवी बसली म्हटल्यावर मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

तिच्या रीती सगळ्या जगावेगळ्या. बोळात शिरली की चप्पल काढून हातात घ्यायची. त्या घाणीत अनवाणी. समोरच्या घरातली अनुसया, ती विधवा, हौसाची जीवाभावाची, तिनं विचारलं, "अगो बाय, देवळात आलीस काय?"

"पायाला कळतं मावशी, ओल कुठनं येते ते. चपलेला नाही कळत."

दुसरी रीत पाण्याची. ज्या घरचं पाणी प्यायले नाही त्या घरामागं खिळा ठोकायचा नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलेलं. रोज एका घरी पाणी मागायची. माझ्याकडं आली तेव्हा मी आधी गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव विचारायचं कारण आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. मग मी आत गेलो आणि कागदी ग्लासात पाणी आणलं. लग्नातले उरलेले ग्लास होते. का आणलं ते मला माहीत, आणि तिलाही माहीत. ती उभ्यानं प्यायली, ग्लास चेपला नाही, फेकला नाही, पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पिशवीतनं तोच ग्लास काढून पुढं केला.

"काका, कालचाच आहे. उगाच नवा खराब कशाला?"

अनुसया समोर तांदूळ निवडत होती. ती एवढी मोठ्यानं हसली की सूप कलंडलं. "घ्या भावजी! चांगली खोड मोडली तुमची." मी आत गेलो. हौसाचा पितळी पेला फळीवरून काढला, घासला आणि त्यात पाणी दिलं. ती बसून प्यायली. त्यावर एक अक्षर बोलली नाही, मीही नाही. पण संशय काही गेला नाही. उलट वाटलं, जी एवढं पोटात ठेवू शकते ती आणखी काय काय ठेवत असेल.

एकदा मी तिच्या मागं गेलो. कोणाला भेटते ते बघायचं होतं. ती बाजारातून गेली, हार्डवेअरच्या दुकानात तुटक्या फरश्या उलथ्यापालथ्या करून बघितल्या, एका म्हातारीशी पेरूवरून घासाघीस केली आणि एसटी स्टँडवर जाऊन बसली. मी खांबाआड. तिनं मान न वळवता सांगितलं, "काका, इकडं सावलीत या. किन्हवलीची गाडी अर्धा तास येत नाही. पेरू खाणार?"

मी पेरू खाल्ला. दात नाहीत म्हणून तिनं नखानं बिया काढून दिल्या. विचारलं तिला तोंडावर, "तुला यातून काय मिळतं?"

तिनं नखातली बी झटकली. मग म्हणाली, "माझी आई अशाच बोळात बसायची. बापानं गावभर घरं बांधली, आईच्या मागच्या दाराला पायरी बांधायची राहिली."

खरं असेल. नसेलही. गाडी आली आणि ती चढली.

बांधायच्या आधी ती सगळं खोटं बांधायची. बांबू रोवायचे, वरती पत्र्याच्या जागी जुन्या साड्या ताणायच्या, ओट्याच्या जागी विटा नुसत्या रचायच्या, आणि गटाराची नवी वाट दाखवायला लोखंडी खुंट्या ठोकून निळी दोरी ओढायची. त्या दोरीवरून बाया तिला दोरीवाली म्हणायला लागल्या. मग ती सांगायची, "आठ दिवस यात बसा, वावरा, आणि मला शिव्या द्या. मी लिहून घेते." शिव्या लिहून घेणारी बाई कोणी बघितली नव्हती, त्यामुळे शिव्यांना जोर आला. एकीनं ऐकवलं, "तुझा पत्रा घाल चुलीत, माझ्या कुरडया कुठं वाळणार?" बाईनं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी एक साडी सोडून एक साडी उतरवली. सावली, ऊन, सावली, ऊन. कुरडयावाली खूश. दुसरी म्हणाली, बसलं की समोरच्या घरातलं दिसतं, त्यांनाही आमचं दिसतं. बाईनं ओटा हातभर तिरका केला. हे सगळं मी दारात बसून बघत होतो. शिवी मी एकही दिली नाही.

कारण निळी दोरी माझ्या दगडावरून गेली होती. मधोमध. गटार तिथून जाणार म्हणजे दगड जाणार. सरळ हिशेब.

बोलून काही होत नाही, हे मला मोजणीनं शिकवलं होतं. म्हणून मी आमच्याकडं करतात ते केलं. बांध सरकवायची एक रीत असते. एका दिवसात हातभर सरकवला तर कोयते निघतात. रोज चार बोटं सरकवला तर शेजाऱ्याच्या नजरेला कळत नाही, नजरही बांधाबरोबर सरकते. पहाटे दूधवाला यायच्या आधी मी उठायचो, दगडाजवळची खुंटी उपटायचो, चार बोटं पलीकडं ठोकायचो. जुनं भोक मातीनं बुजवून वर राख टाकायचो. दोरी आपोआप वाकायची. चार दिवस केलं. बाई रोज सकाळी यायची, टेप लावायची, लिहायची आणि गप्प. मी मनात म्हटलं, शिकलेली आहे पण शेत कुठं केलंय हिनं.

पाचव्या दिवशी तिनं सगळ्या बोळाला माझ्या मागच्या दारात बोलावलं. वही उघडली.

"तुम्ही सगळ्यांनी तोंडानं सांगितलं. एकानं हातानं सांगितलंय. सोमवारी चार बोटं, मंगळवारी चार, बुधवारी चार, काल पण चार." मग माझ्याकडं बघून, "काका, या वयात रोज खुंटी उपटायची म्हणजे कंबर गेली असेल. मला हाक मारली असती तर मीच उपटली असती."

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी ओरडलो, "दगड माझा हाये! त्याला हात लावाल तर बघा!"

"लावत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही जिथं खुंटी नेली तिथनं पाणी कुठं जाईल ते बघू. मग तुम्हीच सांगा."

तिनं गिरणीतून पाटीभर तूस आणलं होतं, भाताचं. ते बादलीत कालवलं आणि बोळाच्या वरच्या तोंडाला ओतलं. पिवळं तूस पाण्यावर तरंगत खाली यायला लागलं. सगळे माना लांब करून बघत होते. तूस माझ्या दगडापाशी आलं, अडलं, गोल फिरलं आणि पलीकडं वळून सरळ अनुसयाच्या उंबऱ्याला जाऊन चिकटलं. अजून खुंटीप्रमाणं काही खोदलंही नव्हतं. आत्ताच पाणी तिकडं जात होतं. माझ्या खुंट्यांनी ते आणखी तिकडं गेलं असतं, एवढंच.

मला लाज वाटली असं मी सांगणार नाही. मला वाटलं, ह्या दोघींनी आधी ठरवून ठेवलंय. मी अनुसयाला म्हटलं, "इतकी वर्षं घरात पाणी शिरलं असतं तर तू बोलली नसतीस काय गो? नाटकं करता दोघी!"

अनुसया भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. पदरानं उंबऱ्यावरचं तूस पुसत म्हणाली, "शिरलं कुठं भावजी? तुमच्या हौसानं शिरू दिलं काय? पाऊस लागला की ती रिकाम्या पोत्यात माती भरायची नि दगडाच्या अंगाला लावायची, पानी खाली वळवायला. भिजत उभी राह्यची. पोती कुजली की नवी. गेल्या साली ताप होता तरी आली. मी बोलली, वयनी, त्यांना सांग ना. तर बोलली, दगड त्यांनी आनलाय, उचला बोलू तर त्यांना वाईट वाटंल."

अनुसयानं पदराला लागलेलं तूस गटारात झटकलं.

पोत्यांचं सांगायला पाहिजे. गिरणीतली फाटकी पोती मी घरी आणायचो. आणली की संपायची. कुठं जातात विचारलं तर हौसा म्हणायची, लागतात. मला वाटायचं ती भावाला देते, मुरबाडला. तो भाऊ गरीब होता आणि माझं त्याच्याशी पटत नव्हतं. एकदा त्यावरून मी तिला चार बायांत नको ते बोललो होतो. पोती चोरतेस म्हणालो होतो. तिनं तेव्हाही सांगितलं नाही पोती कुठं जातात. माझाच दगड वाचवायला माझी बोलणी खाल्ली.

मी घरात गेलो. मागच्या दाराच्या कोपऱ्यात, कांद्याच्या टोपलीमागं, घडी घातलेली सात पोती होती. आठ महिने मी तो कोपरा झाडला नव्हता. एकाला चिखल वाळलेला होता.

सविताबाई त्या दिवशी माझ्या दारात आली नाही. त्या आठवड्यात काम सुरू झालं. वरून गटार बांधत आले, खालून बांधत आले, आणि माझ्या दारासमोर तीन हात जागा तशीच सोडली. गवंडी वैतागला. "बाई, एका म्हाताऱ्यापायी काम आडून राहिलंय. सांगा त्याला दोन शब्द."

"दगड त्यांचा आहे," ती एवढंच म्हणायची. "माझी चूक झाली. दगड कोणाचा ते मी विचारलं. त्या जागेवर कोण बसायचं ते विचारायला पाहिजे होतं."

तीन दिवस मी ती सोडलेली जागा बघितली. बाया हंडे घेऊन त्या फटीवरून उडी मारत होत्या, माझ्याकडं न बघता. ते न बघणं मला शिव्यांपेक्षा लागलं. चौथ्या दिवशी बाई आल्या आल्या मी विचारलं, "उचलला तर कुठं नेनार?"

"कुठंच नाही. इथंच, पण वर. दोन्ही बाजूंना खांब, खालनं गटार. उभ्यानं धुता येईल अशा उंचीवर. बसून वाकून धुतलं की कंबरेचा भुगा होतो काका." मग वही उघडली. "बाई किती उंच होत्या?"

पस्तीस वर्षांच्या वर संसार केला आणि मला सांगता येईना. फूट-इंच कोणी मोजलंय बायकोचं? मी उभा राहिलो आणि तळहात खांद्याशी आडवा धरला. "हितपर. डोकं हितं लागायचं."

तिनं टेपचं टोक माझ्या पायाशी पायानं दाबलं आणि पट्टी वर माझ्या हातापर्यंत आणली. आकडा बघितला, लिहिला. मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, हे मी तिचं मोठेपण धरतो.

"मेलेल्या माणसाच्या मापानं कशाला बांधतेस?" मी विचारलं.

"बोळातल्या सगळ्या बाया तेवढ्याच आहेत. अनुसयामावशी बघा. पुस्तकातला आकडा शहरातल्या उंच बाईचा असतो. त्यानं बांधलं तर यांना खांदे वर करून धुवावं लागेल."

त्या आकड्यावरून तिनं दगडाची उंची धरली, ओट्याची धरली, हंडा ठेवायच्या फळीची धरली. दगड उचलायला चार माणसं लागली, त्यात ती एक. मी पाचवा. खालची माती ओली काळी होती आणि तिच्यात साबणाच्या वड्यांचे पातळ तुकडे रुतलेले होते, कितीतरी. बाईनं एकही काढू दिला नाही. त्यावरच सिमेंट पडलं.

काम संपलं. पाऊस आला आणि अनुसयाचा उंबरा कोरडा राहिला. आता माझ्या दारात त्या दगडावर सगळ्या धुतात, मला न विचारता, आणि माझ्या नावानं हसतातही. सविताबाई ज्या दिवशी दोऱ्या गुंडाळून निघाली त्या दिवशी मी तिला विचारलं, आता सांग, यात तुझं काय होतं? ती म्हणाली, "अजून संशय आहे काय काका?" मी म्हटलं, हाये. ती म्हणाली, "राहू द्या. तुमच्यासारखा एक तरी लागतो बोळात." त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

पुढं हौसाच्या वर्षश्राद्धाला मी गावी गेलो. मेव्हण्याच्या घरी आधी गेलो, त्याला पोत्यांचं सांगितलं. तो पाटावर बस म्हणाला. परत येताना मुरबाडला गाडी बदलायची होती. स्टँडकडं जाताना बाजारामागच्या एका अरुंद गल्लीत मला ती दिसली. तिथंही गटार, तिथंही कचरा, तिथंही कोणीतरी म्हातारा दारात उभा राहून तिच्यावर डाफरत होता. तिचं लक्ष गवंड्याकडं होतं. ती त्याला ओट्याची उंची समजावत होती. गवंड्याला आकडा पटत नव्हता. फार ठेंगणं होतंय म्हणत होता.

मग तिनं वही बंद केली, तळहात आडवा केला आणि आपल्या खांद्याच्या खाली, छातीशी धरला. ती माझ्याहून उंच ना. म्हणाली, "बाई एवढी. हिच्या मापानं धर."

माझी बायको ती मुरबाडात परक्या माणसाला दाखवत होती, मला न विचारता. मी हाक मारणार होतो. पण गवंड्यानं तिच्या हाताखालून भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली, आणि ती रेघ बरोबर होती. मी पिशवी उचलली आणि शहापूरची गाडी लागली होती तिकडं चालायला लागलो.